जुन्या चिपचं चुकीचं कौतुक

सप्टेंबर २०२५मध्ये 'विक्रम ३२०१' ही देशात बनलेली ३२-बिट चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली आणि लगोलग समाजमाध्यमांवर दोन फड रंगले. एकाने खिल्ली उडवली: तैवान ३ नॅनोमीटरवर पोहोचलंय आणि आपण १८० नॅनोमीटर मिरवतोय! दुसऱ्याने छाती ठोकून सांगितलं, अंतराळात जुनंच लागतं, अपोलो तर कॅल्क्युलेटरएवढ्या ताकदीवर चंद्रावर गेलं, जुनं ते सोनं. थट्टेचं फारसं काही वाटलं नाही. चीड आली ती या बचावाची. इतका उलटा टांगलेला इतिहास क्वचित वाचायला मिळतो.

अपोलोचंच घ्या. १९६२ साली एमआयटीच्या अभियंत्यांनी यानातल्या संगणकासाठी इंटिग्रेटेड सर्किट निवडलं, तेव्हा त्याचा शोध लागून जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी अमेरिकेत बनलेल्या अशा सर्किटांपैकी सुमारे ६० टक्के अपोलोने उचलली. त्या संगणकाची स्थायी स्मृती कारखान्यातल्या बायका हाताने विणत: तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. आज ते विणकाम पुराणवस्तूसारखं दिसतं, पण शेजारची सर्किटं तेव्हा जगातली सर्वांत नवी होती. आर्मस्ट्राँग जुन्या यंत्राच्या जोरावर उतरले नाहीत.

मग अवकाशयानं मागे कधी पडली? ठरलेलं उत्तर असं, की विश्वकिरणांचा त्रास लक्षात आला, जुने मोठे ट्रान्झिस्टर त्यांना पुरून उरतात, म्हणून जुनं वापरतात. यात अर्धंच खरं आहे. उपग्रहांतल्या काही चमत्कारिक बिघाडांमागे विश्वकिरण असल्याचं १९७५मध्ये मांडलं गेलं. एखादाच जड आयन सिलिकॉनमधून आरपार जातो, मागे विद्युतभाराची रेघ सोडतो आणि शून्याचा एक होतो. चिप शाबूत, आकडा मात्र खोटा. ट्रान्झिस्टर लहान, तर त्याला पालटायला भारही कमी पुरतो. इथवर बचाव बरोबर. पण वर्षानुवर्षं साचत जाणाऱ्या माऱ्याचं गणित वेगळं आहे. ऑक्साइडच्या जाड थरात भार अडकून बसतो आणि ट्रान्झिस्टर हळूहळू बिघडतो; हे थर पातळ होत गेले तशा नव्या चिप्स या बाबतीत उलट सोशिक होत गेल्या. तेव्हा जुनं म्हणून कणखर, हा नियमच नाही.

खरा बदल दिसतो तो 'गॅलिलिओ'त. हे यान गुरूच्या किरणोत्सारी पट्ट्यांत शिरणार होतं. बाजारातली चिप तिथे टिकणार नव्हती, म्हणून अण्वस्त्रांचं काम करणाऱ्या सँडिया प्रयोगशाळेने ती किरणोत्साराला दाद न देणाऱ्या रूपात वेगळी घडवली. आराखडा जुना, घडण नवी! ऑक्टोबर १९८९मध्ये यान सुटलं तेव्हा त्यातली १८०२ ही चिप १९७६ची होती, आणि १९८९मध्येच इंटेलची ४८६ आली. चॅलेंजरच्या अपघाताने उड्डाण लांबलं हे खरं, पण अंतर तेवढ्याने पडलं नाही. दरम्यान गिऱ्हाईक बदललं होतं. साठीच्या दशकात चंद्रमोहीम आणि क्षेपणास्त्रं या उद्योगाला पोसत होती. ऐंशीच्या दशकात घरोघरी पीसी आले. ऐन लग्नसराईत एक झबलं शिवायला घेऊन गेलेल्याला शिंपी थांबवून ठेवतो, तशी नासाची गत झाली. बाजारातला आराखडा स्थिरावायची वाट पाहायची, मग तो मूठभर नगांसाठी नव्याने घडवायचा, वर्षानुवर्षं तपासायचा. एवढं होईतो जग पुढे गेलेलं असतं.

मंगळावरच्या 'पर्सिव्हिअरन्स' गाडीची चिप म्हणूनच १९९७च्या पॉवरपीसी ७५०ची बहीण आहे, तिची किंमत मात्र दोन लाख डॉलरच्या वर. त्याच गाडीच्या पोटाखालून गेलेल्या 'इन्जेन्युइटी' हेलिकॉप्टरात मोबाइलमधली स्नॅपड्रॅगन ८०१ होती. ते कोसळलं असतं तरी मुख्य मोहीम बुडणार नव्हती, म्हणून हा धोका पत्करता आला. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं ते यंत्र ७२ वेळा उडालं.

आणि 'विक्रम' तर प्रक्षेपकासाठी आहे. पीएसएलव्हीसारख्या प्रक्षेपकाचं काम साधारण वीसेक मिनिटांत आटोपतं. वर्षानुवर्षांच्या किरणोत्साराची ढाल पुढे करून तिचा बचाव करायला जागाच नाही. तिला उणे ५५ ते १२५ अंश सेल्सियसपर्यंत टिकायचं असतं, प्रक्षेपकाचे हादरे सोसायचे असतात आणि ठरल्या क्षणी ठरलेली आज्ञा द्यायची असते. त्यासाठी १८० नॅनोमीटर पुरतात, यात लाजण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. मिरवायचंच तर ती मोहालीत बनली हे मिरवा. तिथला कारखाना १९८९च्या आगीत खाक झाला होता. वाद घालायचा तर गिऱ्हाइकावर घाला. मोटारी, वीजमीटर, रेल्वेचे सिग्नल यांना ३ नॅनोमीटर लागत नाहीत. इस्रो आणि संरक्षण खात्यापलीकडे यांतलं कोणी मोहालीच्या दारात रांग लावणार आहे का?