पॉलीच्या वाटेने पुण्याला

नाशिक रोड

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला. उत्तर कागदावर लिहिते आहे, कारण फोन केला की तो स्पीकरवर जातो, मधे दादा बोलायला लागतो आणि तुझं राहतं बाजूला.

तुझा बेत मला कळला तो असा. अकरावी-बारावी आणि सीईटीच्या फंदात पडायचं नाही. सामनगाव रस्त्यावरच्या आपल्या शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचं, तीन वर्षं मान मोडून अभ्यास करायचा आणि डायरेक्ट सेकंड इयरला पुण्याला सीओईपीत. क्लासच्या सरांनी हा 'सोपा रस्ता' म्हणून सांगितला. रस्ता आहे, हे खरं. सोपा कशावरून, ते सरांनाच विचारायला हवं. पॉलीतल्या मुलांना अप्लाइड मेकॅनिक्स शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे या रस्त्याने गेलेली बरीच मुलं मी पाहिली आहेत.

वर्षं वाया जात नाहीत, एवढं आधी दादाला सांग. डिप्लोमाची तीन आणि डिग्रीची दुसऱ्या वर्षापासूनची तीन, अशी सहा. बारावीवाल्यांची दोन आणि चार, तीही सहाच.

आता जागांचं बघ. डिप्लोमावाल्यांना दुसऱ्या वर्षाला दोन प्रकारच्या जागा मिळतात. मंजूर जागांच्या दहा टक्के वरच्या, म्हणजे साठाच्या शाखेत सहा. आणि पहिल्या वर्षाला ज्या रिकाम्या राहिल्या त्या. रिकाम्या कुठे राहतात? जिथे मुलं नाइलाजाने जातात तिथे. सीओईपी 1854 सालची संस्था, 2022 पासून स्वतंत्र तंत्रविद्यापीठ. तिथल्या कॉम्प्युटरच्या वर्गात कोणी जागा सोडून जाईल, या आशेवर राहू नकोस. उरल्या त्या मूठभर, त्यातही प्रवर्गांची वाटणी, आणि रांगेत अख्ख्या महाराष्ट्राच्या तंत्रनिकेतनांतली पहिल्या बाकावरची पोरं. इथे सीईटी नसते, मेरिट डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागतं, म्हणून तुला सोपं वाटतंय. मला उलट वाटतं. सीईटीचा पेपर एका बैठकीत संपतो. इथे सबमिशनची प्रत्येक फाइल, प्रत्येक ओरल, प्रत्येक प्रॅक्टिकल टक्क्यांत मोजलं जातं, आणि सीओईपीच्या कॉम्प्युटरसाठी ते टक्के नव्वदीच्या बरेच पुढे लागतात. एका सत्रात टायफॉइड झाला तरी यादीत शंभर मुलं पुढे निघून जातात.

एवढं वाचून तुला वाटेल, आत्या नको म्हणते आहे. तसं नाही. पॉलीला जा, हेच माझं मत आहे. फक्त सीओईपीसाठी जाऊ नकोस.

पॉलीत पहिल्याच वर्षी वर्कशॉप असतं. कॉम्प्युटरवाल्यांनाही चुकत नाही. हातात एम.एस.चा तुकडा आणि कानस देतात. घासायचं, गुण्या लावायचा, तुकडा खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड आला की पुन्हा घासायचं. सोळा वर्षांच्या मुलांना याचा मनस्वी कंटाळा येतो. पण काहींना त्या फटीचं वेड लागतं, उजेड पार बंद होईपर्यंत ती जागची हलत नाहीत. तीच पुढे प्रोग्रॅममधली चूकही शोधत बसतात. तू लहानपणी माझा मिक्सर खोललास आणि एक स्क्रू उरवून परत जोडलास, तेव्हापासून मला शंका आहे की तू त्यातली आहेस. तसं असेल तर ही तीन वर्षं तुला आवडतील. नुसतं पुण्याची गाडी येईपर्यंत बसायचं म्हणून येशील, तर पहिल्या दिवाळीच्या आतच कंटाळशील. आणि कंटाळलेल्या मुलीला पंच्याण्णव टक्के पडत नाहीत.

सीओईपी नाहीच मिळालं तर हातात काय राहतं, याचाही विचार आत्ताच कर. मुंबईला 1887 सालचं व्हीजेटीआय आहे, तिथेही डिप्लोमावाल्यांना दुसऱ्या वर्षाला घेतात, आणि तिथलीही रांग तेवढीच मोठी. नाशिकमध्ये पंचवटीतलं क. का. वाघ आहे, गंगापूर रोडला मविप्रचं ठाकरे कॉलेज आहे. आयआयटीत मात्र असा मागचा दरवाजा नाही, ते डोक्यातून काढ. तिथे डिग्रीनंतर गेट देऊन एम.टेक.ला जाता येतं. आणि घरी काही अडचण आली, शिक्षण थांबवावं लागलं, तर डिप्लोमावर नोकरी मिळते. सातपूर-अंबडच्या कंपन्या डिप्लोमावाले घेतात. बारावी सायन्सच्या नुसत्या मार्कशीटवर त्या गेटच्या आतही घेत नाहीत. माझ्या दृष्टीने पॉलीच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि ते क्लासच्या सरांच्या माहितीपत्रकात नसेल.

तुझी मैत्रीण म्हणते की बारावी करून इथल्या एखाद्या डिग्री कॉलेजात पहिलं वर्ष काढायचं आणि मग पुण्याला बदली घ्यायची. तो बेत मला बिलकूल पसंत नाही. त्या बदलीला वरच्या कॉलेजात जागा रिकामी लागते, आणि जागेचं मी वर लिहिलंच आहे. शिवाय सीओईपीचा अभ्यासक्रम वेगळा, आपल्याकडच्या कॉलेजांचा वेगळा. विषय जुळवताना नाकी नऊ येतात. डिप्लोमावाल्यांसाठी निदान दरवर्षी कॅपची, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाची, स्वतंत्र फेरी लागते, तारखा लागतात, यादी लागते. मी कधीही नियमात लिहिलेल्या दरवाजाच्या बाजूने.

आता त्या दरवाजाच्या पलीकडचं. दुसऱ्या वर्षाला एम-थ्री नावाचा गणिताचा पेपर असतो. त्यात शाखेप्रमाणे लाप्लास, फुरिए किंवा व्हेक्टर कॅल्क्युलस. बाकीच्या मुलांचं बारावीचं कॅल्क्युलस आणि पहिल्या वर्षाचे गणिताचे दोन पेपर झालेले असतात. तुझे नसतील. डिप्लोमातलं गणित प्रामाणिक असतं, पण उथळ असतं. पॉलीत वर्गात पहिली येणारी मुलं एम-थ्रीत लटकलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एटीकेटी लागते तेव्हा त्यांची तोंडं बघवत नाहीत. उपाय साधा आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून बारावीची गणिताची दोन्ही पुस्तकं आणायची आणि इंटिग्रेशन रोज थोडं थोडं करायचं. परीक्षेसाठी नाही, हात बसावा म्हणून. शिवाय डिप्लोमावाल्यांचे प्रवेश उशिरा होतात. तू पोचशील तेव्हा वर्ग सुरू झालेले असतील, होस्टेलच्या खोल्या वाटून झालेल्या असतील, प्रॅक्टिकलचे ग्रुपही ठरलेले असतील. पहिला महिना एकटं वाटणार, हे धरूनच चाल.

दादाचं म्हणणं मला ठाऊक आहे: हुशार मुलगी आणि डिप्लोमाला? लोक काय म्हणतील? त्याला विश्वेश्वरय्यांचं सांग. त्यांनी 1881 साली बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केलं, मग म्हैसूर सरकारच्या मदतीने पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, म्हणजे आजच्या सीओईपीत. तिथली परीक्षा 1883 मध्ये पहिल्या नंबराने पास झाले आणि 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, ते कुठे? आपल्या नाशिकला. एक कॉलेज पुरं करून दुसऱ्यात जाण्यात तेव्हाही कमीपणा नव्हता. लोकांचं म्हणशील तर, बारावीत दोन वर्षं क्लासची लाखाची फी भरून पोरगं सीईटीत आपटलं, की तेच लोक पेढे मागायला येत नाहीत.

पैशाचंही दादाच्या कानावर घाल. राज्य सरकारने 2024 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ती सवलत गेली. म्हणजे पुढे कोणी 'ओळख आहे, जागा करून देतो' म्हणून घरी आला, तर चहा पाजून परत पाठवायचा.

डिप्लोमाचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी रविवारी माझ्याकडे ये. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते, मग मागे फिरता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरवर मैत्रिणीचं कॉलेज टाकू नकोस. क्रम आपण दोघी बसून लावू. दादाला आणू नकोस, वहिनीला आण.

तुझी,
आत्या

ता. क. जात वैधता प्रमाणपत्र डिग्रीला लागेल. त्याचा अर्ज पॉलीत असतानाच कॉलेजमार्फत टाक, समितीकडून यायला महिने लागतात. डिग्रीसाठीचं नॉन-क्रीमी लेयर मात्र आत्ता काढून ठेवून उपयोग नाही. ज्या वर्षी प्रवेश, त्याच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं. सेतूत जून महिन्यात उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा त्या वर्षी एप्रिलमध्येच जा.