वीतभर अंतर

वडील गेल्यावर भावानं विचारलं, "घरातलं काय नेणार तू?" मी दारामागची काठी मागितली. भरीव चिव्याची, टोकाला लोखंडी शेंबी. आमचं गाव हातकणंगले तालुक्यात. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असायची. उसाला पाणी पाजायला वडील एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात ही काठी घेऊन बांधानं निघायचे आणि पावलागणिक ती जमिनीवर आपटत जायचे. "कुणाला मारायला घेता?" असं मी एकदा विचारलं होतं. "मारायला कशाला? माणूस येतंय हे जनावराला कळाया नको? ते आपलं बाजूला होतंय." जनावर म्हणजे साप. रात्री त्याचं नाव घेत नाहीत.

तीच काठी घेऊन मी या मे महिन्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मर्दानी खेळ शिकायला गेले. वय 53. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम आहे, म्हणून साडेपाचलाच दोन घास खाऊन निघाले. वहिनीनं फोनवर काळजीनं विचारलं होतं, "वन्सं, आपण जैन. वार करायला शिकणं आपल्यात बसतं का?" प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही. ज्वारी निवडताना किडा सापडला तर आई तो कागदावर घेऊन परसात सोडून यायची.

वहिनीला द्यायला माझ्याकडे शास्त्रातलं उत्तर तयार होतं. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. चूल पेटवली, घर झाडलं की घडते ती आरंभी. शेतात, धंद्यात घडते ती उद्योगी. स्वतःचं, आपल्या माणसांचं रक्षण करताना घडते ती विरोधी. आणि मारायचं ठरवून मारलं तर संकल्पी. संसारी श्रावकानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, बाकीची जमेल तितकी कमी करत जायची. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर दहाव्या शतकात उभा केला तो चावुंडरायानं, आणि तो गंग राजांचा सेनापती होता. तलवार धरणारा माणूस श्रावक असू शकतो, एवढं माझ्या मनाशी पक्कं होतं. पहिल्याच संध्याकाळी हे उत्तर अपुरं पडलं.

मैदानात शिरताना आधी वाकून जमिनीला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. कट्ट्यावर हनुमानाची तसबीर होती. तिलाही मी मनापासून हात जोडले. आमच्या पुराणात हनुमान वानर नाही, विद्याधर राजपुरुष आहे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीवरून तो मोक्षाला गेला असं आम्ही मानतो. वस्तादांनी वडिलांची काठी हातात घेऊन तोलली आणि अदबीनं भिंतीला टेकवून ठेवली. "ही जड हाय ताई. राखणीची काठी ही. फिरवायला हलकी लागती." मग त्यांनी वेताची काठी दिली. पहिला पाऊण तास नुसता पवित्रा. पाय किती फाकवायचे, भार कुठल्या पायावर, टाच कधी उचलायची. मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा कुठं समोर जोडीला एक मुलगी उभी केली. नववीत जाणारी, दोन वेण्या घातलेली. तिनं रोखायचं, मी घाव घालायचा. डोक्यावर, उजवीकडे, डावीकडे. सावकाश.

काठीवर काठी बसली की टाळीसारखा कोरडा आवाज होतो. पहिल्या पाच-सहा घावांना मी बिचकत होते. मग हात सैल झाला, आवाज ठेक्यात यायला लागला, आणि मला ते आवडायला लागलं. खूपच आवडायला लागलं. खांद्यापासून मनगटापर्यंत आजवर कधी न जाणवलेलं काहीतरी उतरत होतं. मी वेग वाढवला. पुढच्या घावाला माझी काठी तिच्या काठीवरून घसरली आणि तिच्या अंगठ्याच्या सांध्यावर बसली.

"काय न्हाई ओ काकू," ती म्हणाली, आणि अंगठा तोंडात घातला. डोळ्यात पाणी आलेलं.

वस्ताद लांबूनच म्हणाले, "ताई, नजर कुठं होती?"

रात्री सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसले तेव्हा तोच प्रश्न समोर होता. माझा संकल्प नव्हता. राग नव्हता. त्या पोरीचं वाईट व्हावं असं माझ्या मनात स्वप्नातही येणार नाही. पण आमच्या आचार्यांनी हिंसेची खूण संकल्पावर थांबवलेली नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत सगळ्यात आधी आणला आहे तो प्रमाद, बेसावधपणा. कुंदकुंदाचार्य तर म्हणतात की जीव मरो वा जगो, बेसावध वागणाऱ्याला हिंसा लागतेच. आणि जपून पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली चुकून जीव गेला तरी त्याला हिंसेचा बंध नाही. लहानपणापासून हे प्रवचनात ऐकत आले. तेव्हा ते मुंगीबद्दल वाटायचं. आता समजलं की ते माझ्या आनंदाबद्दलही आहे. आवाजाच्या गोडीत माझी नजर त्या मुलीच्या हातावरून उठली, हिंसा तिथंच झाली होती. अंगठा नंतर सुजला.

मग वाटलं, उद्यापासून जाऊ नये. काठी धरलीच नाही तर प्रमाद कुठून होणार? हा विचार बराच वेळ सोबत राहिला. तो मोडला बाहुबलीच्या गोष्टीनं. कुंभोजला 1963 साली बसवलेली 28 फुटी मूर्ती मी वर्षातून दोनदा तरी बघते. अंगावर वेली चढल्या आहेत आणि तो उभा आहे, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर असतं. त्याआधी तो भावाशी कुस्ती खेळला होता! दोन्हीकडच्या सैन्यांची कत्तल होऊ नये म्हणून भरत आणि बाहुबली या दोघांनीच लढायचं ठरलं: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. तिन्ही बाहुबलीनं जिंकली. कुस्तीत त्यानं भरताला वर उचललं, पण जमिनीवर आपटलं नाही.

कोल्हापुरात राहून कुस्ती थोडीफार कळते. खासबागेत बघितलं आहे, पैलवानाला उचलून टाकायला ताकद लागते; उचललेल्या माणसाला इजा न होता खाली घ्यायला त्याहून जास्त ताकद लागते, शिवाय पकड, तोल, श्वास सगळं ताब्यात लागतं. न शिकलेल्या माणसाच्या हातून भाऊ निसटून पडला असता. बाहुबलीला वैराग्य आलं ते पुढं. त्याआधी त्याच्या हातांना थांबणं येत होतं, आणि ते आखाड्यातच येतं. माझ्या हातांना ते येत नाही, हे मला 53 वर्षांत घरी बसून कळलं नव्हतं. आजवर कुणाला मारलं नाही हे मी पुण्य म्हणून धरून चालले होते. त्यातलं किती जपणूक होती आणि किती नुसती संधीच आली नव्हती, हे मला सांगता येत नाही.

प्रतिक्रमणात मी अंगठ्याची माफी मागितली. आनंदाचीही मागितली, पण तो आनंद गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी मैदानाकडे चालताना तो पावलांत होताच. मुनी बसायच्या आधी मोरपिच्छीनं जागा हलकेच झाडून घेतात, वडील काठी आपटत जायचे. तसं काही मला त्या आनंदाच्या पुढं धरायला हवं आहे, आणि ते अजून माझ्याकडे नाही.

मुलीच्या अंगठ्याला पट्टी होती. मी आईनं करून दिलेली हळदीची पूड नेली होती, ती तिनं हसून घेतली. वस्तादांनी आज रोखायचं काढून टाकलं. तिनं हात बांधून नुसतं उभं राहायचं आणि मी डोक्यावर घाव उतरवून वीतभर वर थांबवायचा. मी म्हणाले, "वस्ताद, नको. दुसरं काही द्या." ते म्हणाले, "हेच करा. आणि तिच्याकडं बघा, काठीकडं नको."

ती उभी राहिली. सरळ भांग, तेल लावलेले केस, भांगाच्या सुरुवातीला बारीकशी गांधी उठलेली. काल मला ती दिसली नव्हती. मी पवित्रा घेतला, काठी वर नेली आणि खाली आणली. काठी थांबली, वीतभर नाही, चार बोटांवर. तिनं पापणी लवू दिली नाही. माझाच श्वास अडकला होता.

"परत," वस्ताद म्हणाले.