वगळलेलं नाव

जर्मनीचे बर्ट हेलिंगर आधी कॅथलिक धर्मोपदेशक होते. दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांत सुमारे 16 वर्षं राहिले. पुढे त्यांनी ‘फॅमिली कॉन्स्टेलेशन’ मांडलं. त्यात अनोळखी माणसं आपली आई, आजोबा, काका म्हणून उभी राहतात आणि घरानं वगळलेलं माणूस समोर येतं. शास्त्रीय पुरावा तोकडाच. आजाराला डॉक्टरच हवा. पण प्रश्न खरा आहे. आपल्याकडे ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठीही धर्मपिंड ठेवतात. मग दारूपायी गेलेले काका, पळून जाऊन लग्न केलेली आत्या, यांचं नाव मुलांसमोर आपण का गिळतो? सर्वपित्री अमावास्येला पान वाढताना काकांचं नाव मोठ्यानं घेऊया. आत्या तर हयात आहे, तिला आजच फोन लावूया.