तळाशी बसलेला पारा

समुद्रातल्या पाऱ्याचा विषय निघाला की कुणीतरी समजूतदारपणे म्हणतेच, ‘तळाशी बसलाय ना, मग बसू द्या.’ या वाक्यातला निवांतपणा खटकतो. पारा विषारी आहे आणि माशांतून माणसात येतो, हे आता नव्याने सांगायला नको. विसर पडतो तो पारा मूलद्रव्य असल्याचा. इतर बरीच घाण कुजते, निवळते. पारा फक्त जागा आणि रूप बदलतो. प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो लहान माशाकडून मोठ्याकडे जाताना वाढत जातो. म्हणजे नजरेआड होणे वेगळे, नाहीसे होणे वेगळे.

जपानमधल्या मिनामाताला तर तयार मिथाइल पाराच मिळाला. तिथली चिस्सो कंपनी १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवताना पारा वापरत होती आणि त्यातच तयार झालेला मिथाइल पारा सांडपाण्यातून समुद्रात सोडत होती. त्यातून माणसांना झालेल्या आजाराची अधिकृत नोंद झाली १९५६ साली. १९५९ साली कंपनीच्याच इस्पितळातल्या डॉ. होसोकावांनी ते सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिले. मांजरात त्याच आजाराची लक्षणे दिसली आणि तो निष्कर्ष दडपला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने गाजावाजा करून शुद्धीकरण यंत्रणा बसवली. मिथाइल पारा काढणे हे तिचे कामच नव्हते! ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ पर्यंत चालले. थोडे विषयांतर होईल, पण अशा दडपादडपीत गाळ सामील होत नाही. थरांतल्या किरणोत्सारी शिशावरून त्यांची वये काढता येतात, आणि कोणत्या काळात किती पारा आला ते दिसते. आपल्या उल्हास नदीच्या मुखाशी आणि ठाणे खाडीतही अभ्यासकांना क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या क्लोर-अल्कली कारखान्यांचा पारा गाळातच सापडला.

तरी ‘बसू द्या’ म्हणणाऱ्याचा एक मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. गाळ उपसताना ढवळतो आणि त्यातले विष पुन्हा पाण्यात येते; उलट हात न लावल्यास वरून नवा गाळ साचून जुना झाकला जातो. याला मिनामाताचेच उत्तर द्यावे असे वाटते. तिथे १९७७ ते १९९० या काळात सुमारे ४,८५० कोटी येन खर्चून १५ लाख घनमीटर गाळाचा बंदोबस्त केला. पण कसा? काही उपसून, काही जागच्या जागी, पोलादी भिंतींच्या आत भराव घालून. त्यातून ५८ हेक्टर जमीन झाली. पारा तिच्याखाली आहेच. म्हणजे ज्याला आपण काढणे म्हणतो तेही ठेवणेच निघाले, फक्त कुंपणाआड. मग उपसावे की राहू द्यावे, हा वाद मला दुय्यम वाटू लागतो. शांत, खोल तळ असेल तर प्रतिपक्षाचेच बरोबर असेल. मात्र त्याने ‘बसू द्या’ म्हणताना राखणही पत्करली पाहिजे: गाळ आणि मासे तपासत राहायचे, त्या तळावर जाळी ओढू द्यायची नाहीत, जहाजांसाठी वाट खणू द्यायची नाही. भरती-ओहोटीने रोज ढवळणाऱ्या, बंदराला लागून असलेल्या खाडीत ही हमी कोण देणार? कंपनीवर ही राखण सोपवता येत नाही. चिस्सोने २०११ साली आपला उत्पादन व्यवसाय जेएनसी या उपकंपनीकडे वळवला. स्वतःकडे मुख्यतः भरपाईची जबाबदारी ठेवली. एवढ्या गाजलेल्या प्रकरणातही कंपनीचे स्वरूप पन्नास-पाऊणशे वर्षांत बदलले. पाऱ्याची राखण त्याहून लांबची आहे, म्हणून ती सरकारच्याच माथी पडणार, आणि तिचा खर्च कारखान्याला परवाना देतानाच वसूल व्हायला हवा.