पाचशे रुपयांची पावती

तुमच्या घरी फराळाचे डबे भरले जातात, कोणी ओसरीवर, कोणी माजघरात हा अंक चाळीत पहुडलेले असते, नेमक्या त्याच सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात गावेच्या गावे रिकामी होत असतात. दसरा उलटला की ट्रक आणि ट्रॅक्टर वेशीला लागतात. त्यांत पत्रे, ताडपत्री, बाजरीची पोती, चार भांडी, एखादी शेळी, कोंबड्या आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली लेकरे. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागातली ही माणसे ऊसतोडीला सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट बेळगावपर्यंत जातात आणि चैत्राच्या आगेमागे परततात. दिवाळीला गावात उरतात ती म्हातारी माणसे, नोकरदार आणि शाळेचे मास्तर.

मी अशाच मास्तरांपैकी एक. जिल्हा परिषदेच्या शाळांतून एकतीस वर्षे मास्तरकी केली. आता निवृत्त आहे. या नोकरीत मी पुष्कळ गोष्टी शिकवल्या आणि विसरलोही. पण २०१७ साली केलेली एक गोष्ट मला अजून सोडीत नाही. मी गावाकडे वर्गणी मागितली. गावाचे नाव सांगत नाही. गाव लहान आहे आणि माणसे हयात आहेत.

तेव्हाचे वारेच तसे होते. २०१५ साली सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि ‘डिजिटल शाळा’ हा शब्द मास्तरामास्तरांत फिरू लागला. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यावर संदीप गुंड या शिक्षकाने एवढ्याशा शाळेत पडदा आणि संगणक आणून दाखवले होते. त्या शाळेच्या गोष्टी आम्ही शिक्षकांच्या बैठकांत ऐकत होतो. आमच्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या जरेवाडीच्या शाळेने जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल अभिमान कसा वाटू शकतो हे दाखवले होते. आम्हांलाही वाटले, आपल्या वर्गात मोठा टीव्ही असावा. समुद्र म्हणजे काय, आगगाडी म्हणजे काय, हे पोरांना फळ्यावर काढून दाखवावे लागू नये. पैसे कोठून आणायचे? तर लोकसहभागातून. ‘लोकसहभाग’ हा कागदावरचा शब्द. गावात त्याला वर्गणीच म्हणतात.

मारुतीच्या देवळात सभा झाली. टीव्ही, संगणक आणि वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर मिळून साठ हजारांचा हिशेब मी मांडला. तेव्हा एक तरुण उभा राहिला. तालुक्याला जाऊन शिकलेला, शाळा व्यवस्थापन समितीवरचा पालक. तो म्हणाला, “सर, शिक्षण मोफत आहे असा कायदा आहे ना? मग आम्ही पैसे कशाचे द्यायचे?”

प्रश्न अगदी बरोबर होता. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच कायद्याने शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले, आणि हा तरुण त्यांतलाच एक. मी त्याला उत्तर द्यायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, “जत्रेतल्या तमाशाला वर्गणी देता, तेव्हा कायदा आठवत नाही का रे?” सभा खो खो हसली. तो खाली बसला. मी जिंकलो, पण त्याला उत्तर दिले नाही, ही गोष्ट मला त्याच रात्री जाणवली होती. मग दुसरी युक्ती. देवळाच्या भोंग्यावरून देणाऱ्यांची नावे रकमेसकट पुकारली. ज्याचे नाव पुकारले जात नाही, त्याच्या घरात तो भोंगा कसा ऐकू येत असेल, याचा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

त्या रात्री जेवणे उरकल्यावर एक ऊसतोड्या घरी आला. टोपी काढली, खिशातून पाचशेची नोट काढली. मुकादमाची उचल मिळाली होती, त्यातली ती नोट. उचल म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. हंगामाआधी मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, आगाऊ रक्कम देतो, ती ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी डोक्यावर. त्या वेळी टनामागे सव्वादोनशे ते अडीचशे रुपये पडत. एक कोयता उजाडण्याआधीपासून राबला तर दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे ती नोट हा दोन माणसांचा एक दिवस होता, आणि तोही अजून न राबलेला.

मी म्हणालो, “अरे, तुझी पोरगी तर दिवाळीनंतर इथे नसणार.”

तो म्हणाला, “न्हाई राहनार. तरी बी घ्या. दुसऱ्याचं लेकरू तर शिकंल.” मग उंबऱ्यात थांबून म्हणाला, “पावती मात्र द्या सर.”

मी पावती दिली. नोट घेतली. तेव्हापासून माझा हा प्रश्न आहे: ती नोट घ्यायला हवी होती का?

मनाची समजूत घालायला मी पुष्कळ मोठी माणसे शोधली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढीत, त्याला मुष्टिफंड म्हणत. आमचा बीड तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा तिथे उर्दू. अशा काळात अंबाजोगाईच्या, हिप्परग्याच्या शाळा लोकांच्या पैशावर आणि हट्टावर उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसे तिथे शिकवायला बसली. शाळेसाठी पदर पसरणे ही आमच्याकडची जुनी आणि सन्मानाची गोष्ट आहे, असे मी स्वतःला बजावीत राहिलो.

पण समजूत पुरती पटेना. एक तर मूठभर ज्वारी घरातली होती. पाचशेची नोट कर्जातली होती. दुसरे म्हणजे, निजामाच्या राज्यात लोकांनी दिलेली वर्गणी आपले नसलेल्या सरकारला डावलून दिलेली होती. आमची वर्गणी आपल्याच सरकारच्या वतीने, त्याच्याच शाळेसाठी मागितलेली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच तर मांडले होते: सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या विद्येवर. शेतकऱ्याच्या पोराच्या प्राथमिक शाळेसाठी त्यांनी सरकारकडेच बोट दाखवले होते. मी मात्र त्या शेतकऱ्याकडेच पुन्हा हात पसरला. तो तरुण कायद्याचे नाव घेत होता, पण त्याच्या मागे फुले उभे होते, आणि मी त्यांना तमाशाचा टोमणा मारून खाली बसवले होते!

असो. टीव्ही आला. नारळ फुटला. पोरांनी समुद्र पाहिला आणि पहिले काही दिवस तर मधल्या सुट्टीतही वर्ग सोडवेना. नोव्हेंबरात निम्मी पोरे गेली, त्यांत ती चौथीतली मुलगीही गेली.

आठ-पंधरा दिवसांनी त्या माणसाचा फोन येई. कोपीत मोबाइलला रेंज नसायची. फडाच्या बांधावर चढून बोलत असावा, वाऱ्याचा आवाज येई. प्रश्न एकच. “सर, लागतो का टीव्ही?” मी म्हणे, “लागतो.” फेब्रुवारीत शाळेचे विजेचे बिल थकले आणि वायरमन येऊन जोडणी तोडून गेला. बिलाला अनुदान पुरत नाही, हे मला साठ हजारांचा हिशेब मांडताना ठाऊक होते. त्या हिशेबात बिलाची ओळ मी घातली नव्हती. फोन आला. “लागतो का?” मी म्हणालो, “लागतो.” हे मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी उचलला नाही.

एप्रिलच्या अखेरीस टोळी परतली. दुसऱ्याच दिवशी तो मुलीला घेऊन शाळेत आला, बंद टीव्हीसमोर दोघे उभे राहिले. “सर, फोनवर तर लागतो म्हनत होता.”

मी सगळे सांगितले. त्याने विचारले, “किती थकलंय?” मला वाटले, हा पुन्हा खिशात हात घालतो. मी घाईने म्हणालो, “तुझे पैसे नकोत बाबा.” तो चिडला. “पैशे द्यायला न्हाई इचारलं म्या. कुनी भरायचं, ते इचारतोय.”

१ मेच्या ग्रामसभेत तो पहिल्यांदाच बोलायला उठला. हातात ती पावती होती, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली, घडीवर फाटलेली. ती त्याने सरपंचांपुढे धरली आणि एवढेच म्हणाला की, मी पैसे भरलेत, वस्तू बंद का? मग आणखी चार पावत्या निघाल्या. ग्रामपंचायतीने महिन्याच्या आत बिल भरले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा टीव्ही चालू होता.

ग्रामसभेनंतर तो तरुण मला पिंपळाखाली भेटला. बिलाचा विषय त्यानेही समितीच्या बैठकीत काढला होता, एकदा नव्हे, तीनदा. कोणी दाद दिली नव्हती. तो म्हणाला, “सर, माझ्याकडे कायदा होता आणि त्याच्याकडे पावती. गावानं पावतीचं ऐकलं. आता सांगा, माझं चुकलं कुठं?”

मला सांगता आले नाही. आजही येत नाही. वर्गणीने माणसे शाळेला आपली म्हणू लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले. उगाच नाकारणार नाही. त्या पावत्या नसत्या तर टीव्ही आजही धूळ खात पडला असता. पण जे विचारण्याचा हक्क त्या ऊसतोड्याला मुळातच होता, तो त्याला एक दिवसाच्या ऊसतोडीने विकत घ्यावा लागला. आणि विकणारा मी होतो. पुढे आणखी दोन वर्षे मी त्या शाळेत होतो. वर्गणी पुन्हाही मागितली, कारण कुंपण पडले होते. भोंगा मात्र लावला नाही. रक्कम कमी जमली.

त्या वर्षीच्या दसऱ्याला ट्रक वेशीत लागले तेव्हा आजी मुलीला ठेवून घ्यायला तयार झाली. हंगामी वसतिगृहातून दोन वेळच्या जेवणाची सोय होणार होती. ती सुरू व्हायला थोडा उशीर झाला, तेवढे दिवस आजीने निभावले. दिवाळी संपून शाळा उघडली, त्याच आठवड्यात संध्याकाळी माझा फोन वाजला. मागे तोच वारा. टीव्हीचे तो मला काही विचारेना. म्हणाला, “पोरीकडं द्या जरा.”

मी फोन तिच्या हाती दिला. ती ओसरीच्या कडेला जाऊन, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ त्याला काहीतरी सांगत होती.