दमयंतीचा तीळ



नलदमयंतीचे आख्यान आपण कीर्तनातून अनेकदा ऐकले आहे. त्यातील दोन प्रसंगांचा आज विचार करावयाचा आहे. कारण आपल्या घरच्या भिंतीवरील तसबिरींशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

विदर्भराज भीमाच्या कन्येचे स्वयंवर मांडले होते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देव नलाचेच रूप घेऊन मंडपात बसले. दमयंतीपुढे पाच नल! तिने देवांचीच करुणा भाकली, तेव्हा खुणा प्रकट झाल्या. देवांना घाम नव्हता, त्यांची पापणी लवत नव्हती, माळ कोमेजत नव्हती, छाया पडत नव्हती. ज्याच्या अंगावर धूळ आणि घाम होता, त्याच्याच गळ्यात तिने वरमाला घातली. निर्दोष रूपे चार होती. आपला माणूस एकच होता.

आपल्या भैंसा गावी नुकताच एक प्रसंग पाहण्यात आला. एका घरी आजींच्या वर्षश्राद्धासाठी जुन्या छायाचित्राची मोठी प्रत करविली. करणाऱ्याने सद्भावनेने संगणकावर सुरकुत्या मिटविल्या, वर्ण उजळला आणि हनुवटीवरचे गोंदण डाग समजून पुसून टाकले. तसबीर चौरंगावर ठेवताच लहानगी नात म्हणाली, "ही आजी नव्हे. तिचा हिरवा ठिपका कुठे आहे?" मुलाचा हात हारासह तसाच थांबला. आईच्या मांडीवर निजताना तोच ठिपका पाहत तो वाढला होता.

ही हौस आजची नव्हे. आपला मुलूख निजामाच्या राज्यात असताना, १८८६ साली, पुढे 'राजा' झालेल्या लाला दीनदयाळ यांनी सिकंदराबादेस आपला स्टुडिओ काढला. त्या काळचे छायाचित्रकारही काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीच्या बारीक रेघा ओढून चेहऱ्यावरील डाग फिके करीत. मात्र त्यास कसबी हात आणि पुष्कळ वेळ लागे. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले. आता तर खिशातील कित्येक फोन न विचारताच त्वचा गुळगुळीत करतात. यंत्र आसपासच्या त्वचेचा रंग व पोत घेऊन डागावर पसरते. डाग कोणता आणि गोंदण कोणते, हा विवेक ज्याचा त्यानेच करावा लागतो.

मग जुन्या चित्राची दुरुस्ती करूच नये काय? येथे दुसरा प्रसंग आठवावा. नलाचा वियोग झालेली दमयंती चेदीच्या राजवाड्यात दासी होऊन राहिली होती. अंग मळाने झाकले होते. शोधार्थ आलेल्या सुदेव ब्राह्मणाने राजमातेस सांगितले की, हिच्या भुवयांमध्ये जन्मतःच तीळ आहे. राजकन्या सुनंदेने तो मळ पुसला, तीळ झळकला आणि राजमातेने आपल्या बहिणीची लेक ओळखली. मळ पुसला गेला म्हणूनच तीळ दिसला. सुनंदेने तीळच पुसला असता तर दमयंती माहेरास कायमची मुकली असती.

हाच नियम आपणही पाळावा. छायाचित्रावरील बुरशी, ओरखडे, घडीची रेघ हा मळ होय. तो काढणे ही पितरांची सेवाच आहे. परंतु सुरकुत्या, गोंदण, देवीचे वण, सावळा वर्ण हे त्या माणसाचे स्वत्व आहे. त्यावर हात चालवू नये.

आणि विवाहासाठी मुलीचे छायाचित्र उजळविणाऱ्या मातापित्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते: समोरच्यांची फसवणूक तर होतेच, पण आपल्या लेकीस आपण काय शिकवितो? तिचे मुख आईबापांनाही जसे आहे तसे मान्य नाही, हेच ना? ज्या घरी सावळ्या विठ्ठलापुढे रोज निरांजन ओवाळतो, त्या घरी लेकीच्या सावळेपणाची लाज का वाटावी?

त्या घरी दुसरी प्रत करविली; केवळ डाग काढलेली, गोंदणासह. नातीने तिला आपण होऊन नमस्कार केला. येत्या पितृपक्षात तसबिरीची काच पुसताना आपणही क्षणभर थांबून ते मुख न्याहाळावे. त्यावरील प्रत्येक रेघ आपल्यासाठी सोसलेल्या कष्टांची आहे.

॥ शुभं भवतु ॥