दुपार राखून ठेवा

धुळ्यात पांझरा नदीच्या पुलावर आत्ता कुठे ऊन उतरतंय. अंदमानात ते तासभर आधीच आलं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! म्हणून डिसेंबरात स्वराजद्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, सूर्य पाचच्या सुमारासच बुडतो. आपल्याकडचं निवृत्त जोडपं पिशवीत शेव, तिळाची चटणी घेऊन तिथे पोचतं आणि सहलवाल्यांच्या यादीमागे पळत सुटतं. अहो, तिथल्या राधानगर किनाऱ्याच्या पांढऱ्या वाळूत चपला काढून नुसतं बसावं की! ड्युटी, नळाचं पाणी, मुलांच्या परीक्षा... या सगळ्यात बोलायचं राहूनच गेलं होतं ना? सेल्युलर जेल जरूर पाहा. बाकीचे पॉइंट सुटले तर सुटू द्या. एक अख्खी दुपार मात्र एकमेकांसाठी ठेवा.